जोडपी, कुटुंबे आणि गट यांचे समुपदेशन शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करून जोडपी, कुटुंबे आणि गट यांच्या कामाकडे वळणारे विद्यार्थी दरवर्षी साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. उत्तरे सराव शिकवताना गाठीशी आलेल्या अनुभवातून लिहिली आहेत. यातील प्रसंग शिकवण्यासाठी रचलेले असून ते कोणा एका घराचे नाहीत. समाजकार्याच्या वर्गात ‘सेवार्थी’ हा शब्द वापरतात, पण एरवी सर्वांच्या तोंडी ‘क्लायंट’च असल्याने येथे तोच ठेवला आहे.

एका व्यक्तीचे समुपदेशन मला जमते. मग जोडप्यासाठी वेगळे काय शिकायचे उरते?

बहुतेकांना वाटते त्याहून बरेच उरते. एकट्या व्यक्तीसमोर आपण तिच्या दुःखाशी समरस होऊन “तुम्हाला फार एकटे वाटले असेल” असे म्हणतो आणि ती मोकळी होते. हेच वाक्य नवरा शेजारी बसलेला असताना बायकोला म्हटले, की त्याच्या कानांना ते “तुम्ही यांना वाऱ्यावर सोडलेत” असे ऐकू येते. जे तिच्यासाठी दिलासा, ते त्याच्यासाठी आरोपपत्र होते आणि पुढच्या भेटीला तो येत नाही. म्हणून दोघांना एकाच वाक्यात सामावून घेण्याची सवय लावावी लागते : “यांना घरी यायला उशीर झाला की तुमचा जीव टांगणीला लागतो, आणि दारातच प्रश्न आला की यांना हजेरी घेतल्यासारखे वाटते, मग हे आणखी उशिरा येतात आणि तुम्ही आणखी विचारता.” या वाक्यात दोषी कोणीच नाही, मात्र दोघांनी मिळून फिरवलेले एक चक्र त्यात दिसते. जोडप्याच्या कामात तुमचा क्लायंट हे चक्र असते.

दुसरी गोष्ट नजरेची. नवशिके बोलणाऱ्याकडे पाहतात. बोलणे कानांनी ऐकावे आणि डोळे ऐकणाऱ्यावर ठेवावेत. ती पैशांविषयी बोलू लागताच त्याने मोबाइल पालथा ठेवला का, तो बोलत असताना तिने मांडीवरच्या पर्सची चेन उघडझाक करायला सुरुवात केली का, ‘आई’ हा शब्द उच्चारला गेल्यावर दोघांपैकी कोण आधी खिडकीकडे पाहू लागले, या बारीकसारीक हालचाली त्यांनी सांगितलेल्या हकिकतीपेक्षा अधिक सांगून जातात.

आमच्या नात्यागोत्यातील भांडणे मीच मिटवतो. त्याचा येथे उपयोग होईल का?

थोडा होईल, पण अडथळाच अधिक होईल. प्रत्येक तुकडीत असे दोन-तीन जण असतात, ज्यांच्याकडे सगळा गोतावळा तंटे घेऊन येतो. समजूत घालण्याची आपली परंपरा जुनी आहे. थोरले काका किंवा मामा बैठक बोलावतात, “झाले गेले गंगेला मिळाले” म्हणतात, धाकट्याला पडते घ्यायला लावतात आणि चहा होऊन बैठक उठते. या पद्धतीला नाके मुरडण्याचे कारण नाही, कारण ती कित्येकदा चालते. ती का चालते हे मात्र समजून घ्यायला हवे. काकांच्या शब्दामागे काही असते : वेगळी खोली काढून देण्याची ऐपत, जावयाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार, आणि पुढच्या गणपतीला घरी गेल्यावर काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहण्याची सोय. समुपदेशकाजवळ यातले काहीच नसते. त्याच्याकडे आठवड्याचा एक तास असतो. काकांचा अधिकार नसताना त्याने काकांची भाषा उसनी घेतली, तर पदरी फक्त उपदेश उरतो.

शिवाय समजूत घालणाऱ्याच्या मनात शेवट आधीच ठरलेला असतो : घर मोडता कामा नये. समुपदेशकाला तो ठरवता येत नाही. सरावाच्या ध्वनिमुद्रणांचा शब्दशः उतारा काढून घेताना आम्ही काही शब्दांखाली लाल रेघ मारायला सांगतो : ‘तडजोड’, ‘संसार म्हटला की’, ‘तुम्हीच समजूतदार आहात’, ‘भांड्याला भांडे लागणारच’. माझ्या स्वतःच्या पहिल्या उताऱ्यात ती भांडी चार वेळा लागली होती, आणि चारही वेळा समोरची बाई त्यानंतर गप्प झाली होती.

पहिल्या भेटीला कोणाकोणाला बोलवावे? सासूबाईंना बोलवायचे का?

फोन करणारी व्यक्ती बहुधा एकच बाजू घेऊन येते, त्यामुळे फोनवरच हकिकत ऐकत बसू नये. भेटीची वेळ, कोण येणार आणि किती वेळ लागेल एवढेच ठरवावे. पहिली भेट दोघांची एकत्र आणि दुसरी दोघांची स्वतंत्र, हा क्रम आम्ही शिकवतो. स्वतंत्र भेटीचे कारण पुढे हिंसेविषयीच्या प्रश्नात येईल.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे. जोडप्यांच्या समुपदेशनाची बहुतेक पाठ्यपुस्तके अमेरिकेत लिहिली गेली. त्यांत जोडपे म्हणजे दोन माणसे, त्यांचे स्वतंत्र घर आणि दार लावून घेता येईल अशी खोली, असे गृहीत धरलेले असते. चाळीतील दोन खोल्यांत सासूबाई स्वयंपाकघरात झोपत असतील, तर नवरा-बायकोचे भांडणही कुजबुजत होते, आणि जे कुजबुजत होते ते कधी पूर्ण होत नाही. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबाकडे पाहताना त्रिकोणाची कल्पना मांडली : दोघांमधील ताण सोसेनासा झाला की तिसरा ओढला जातो आणि ताण तात्पुरता वाटला जातो. मुलगा, आई आणि सून या त्रिकोणाची आपल्याला पुस्तकातून ओळख करून घ्यावी लागत नाही. पगार कोणाच्या हाती द्यायचा यावरचा वाद वरवर सासू-सुनेचा दिसतो, पण बायकोशी पैशांविषयी स्पष्ट बोलणे टाळणाऱ्या मुलासाठी तो सोयीचाही असतो.

म्हणून सासूबाईंना बोलवावे, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीच्या सुमारास, दोघांची संमती घेऊन आणि त्यांच्यासमोर काय बोलायचे व काय नाही हे आधी ठरवून. आरोपी म्हणून त्यांना कधीही बोलवू नये. “घरातले सर्वांत जास्त तुम्ही पाहिले आहे, तुमचे निरीक्षण आम्हाला हवे आहे” असे सांगून बोलावल्यास त्या येतात, आणि पुष्कळदा अशी एखादी गोष्ट सांगून जातात जी दोघांनाही ठाऊक नसते.

घरच्यांना उपचारात सामील करून घेणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सहभागी करून घेतले. पुढे वेल्लोर आणि बेंगळुरू येथेही कुटुंबासह उपचारांची परंपरा रुजली. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांवरील उपचारांसाठी स्वतंत्र केंद्र आहे.

दोघे हमरीतुमरीवर आलेले असताना कोणाचीही बाजू न घेणे कसे जमवायचे?

बाजू घेतली जाणार, हे आधी मान्य करावे. कोणाचे बोलणे आपल्या आईसारखे असते, कोणाचा आवाज जुन्या वरिष्ठांसारखा असतो. ओढ लागते ती नकळत. आपण कलंडलो आहोत हे ओळखण्याच्या खुणा शिकता येतात : एकाकडे वळलेली खुर्ची, एकालाच वारंवार नावाने हाक, दुसऱ्याचे बोलणे चालू असताना मनात तयार होणारे उत्तर. ध्वनिमुद्रण ऐकून प्रत्येकाला किती मिनिटे मिळाली याची नोंद करायला सांगितल्यावर, “मी अगदी समान वेळ दिला” असे छातीठोकपणे सांगणारे विद्यार्थी स्वतःच चकित होतात.

तंत्र म्हणून सर्वांत उपयोगी पडतात ते चक्राकार प्रश्न. इटलीतील मिलान शहरातील चार मनोविकारतज्ज्ञांच्या गटाने ते १९७० च्या दशकात विकसित केले आणि १९८० च्या एका लेखात समुपदेशकाच्या तटस्थतेसह त्यांची मांडणी केली. एखाद्याला त्याच्या स्वतःच्या भावनेविषयी विचारण्याऐवजी इतर दोघांमध्ये काय घडते हे विचारायचे. “तुम्हाला राग येतो का?” या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. “तुमची मुलगी दहावीला नापास झाली तेव्हा घरात सर्वांत आधी कोण कोणाशी बोलेनासे झाले?”, “बाबा जेवणाच्या ताटावरून उठून गेले की आई कोणाकडे जाते?”, “यांनी दारू सोडली तर आजी कोणाची काळजी करतील?” असे विचारले की प्रत्येकाला क्षणभर थांबून घराकडे बाहेरून पाहावे लागते. शेवटच्या प्रश्नानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती मोडण्याची घाई करू नये.

तटस्थता म्हणजे कोरडेपणा असा समज करून घेणारेही असतात. कुटुंबांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन तर मुद्दाम काही काळ एका बाजूला झुकत, खुर्च्या हलवायला लावत, आई-मुलाच्या मध्ये वडिलांना बसवत. पण ते जाणूनबुजून केलेले असे आणि पारडे पुन्हा समतोल करण्याचे भान त्यांना असे. पहिल्या दोन वर्षांत हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे.

एकाने स्वतंत्र भेटीत गुपित सांगितले आणि “त्यांना सांगू नका” म्हटले, तर?

हा प्रश्न गुपित ऐकल्यानंतर विचारला जातो, हीच मुळात चूक आहे. स्वतंत्र भेटीत कळलेल्या गोष्टींचे काय करणार, हे पहिल्याच भेटीत दोघांसमोर सांगून लेखी संमतिपत्रात घालावे. दोन पद्धती प्रचलित आहेत. काही समुपदेशक सांगतात की दोघांच्या कामावर परिणाम करणारे कोणतेही गुपित ते ठेवणार नाहीत. काही जण सांगतात की स्वतंत्र भेटीतले त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, मात्र त्यामुळे एकत्र काम अशक्य झाले तर कारण न देता ते थांबवले जाईल. दुसरी पद्धत निभावणे अधिक कठीण असते, पण मला ती योग्य वाटते, कारण पहिल्या पद्धतीत मारहाणीविषयी कोणी बोलणार नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या घरांचे ब्रीद असल्याने गुपिते असणारच. दुसऱ्या नात्याइतकीच वारंवार दिसणारी गुपिते पैशांची असतात : न सांगता काढलेले कर्ज, माहेरी पाठवलेली रक्कम, गेलेली नोकरी. सांगणाऱ्याला “हे त्यांना कळले तर काय होईल असे वाटते?” याच्या जोडीला “हे न कळता आणखी वर्ष गेले तर काय होईल?” असेही विचारावे. पुढची दोन-तीन सत्रे बहुधा याच एका गोष्टीच्या तयारीत जातात, आणि ती वाया गेलेली नसतात.

घरात मारहाण होत असेल तर जोडप्याला एकत्र बसवावे का?

मारहाण चालू असेल, भीती असेल, तर बसवू नये. यावर वर्गात वाद होतात, पण वस्तुस्थिती साधी आहे. समुपदेशकाच्या खोलीत बायकोने मोकळेपणाने सांगितलेल्या गोष्टीचा हिशेब घरी जाताना रिक्षातच चुकता होऊ शकतो. शिवाय “दोघांनी मिळून फिरवलेले चक्र” ही वर सांगितलेली मांडणी येथे लावली, तर मार खाणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला मारहाणीची अर्धी जबाबदारी येते. उशिरा येणे आणि जाब विचारणे हे चक्र असू शकते, पण हात उगारणे ही हात उगारणाऱ्याची कृती असते.

म्हणूनच दोघांना स्वतंत्रपणे भेटल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम हवा. त्या भेटीत “भांडण टोकाला गेले की काय होते?” एवढ्यावर थांबू नये. “कधी वस्तू फेकल्या जातात का, रस्ता अडवला जातो का, फोन तपासला जातो का, घरी जायला भीती वाटते का?” असे नेमके विचारावे. ‘छळ’ किंवा ‘हिंसा’ हे शब्द ऐकून “छे, तसे काही नाही” म्हणणारी स्त्री याच प्रश्नांना “हो, पण ते रागाच्या भरात” असे उत्तर देते.

कायद्याची माहिती असणे अनिवार्य आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी एका पक्षाला किंवा दोघांनाही समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. ते कसे करायचे हे २००६ च्या नियमांतील नियम १४ मध्ये दिले आहे, आणि तो नियम प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा घडणार नाही अशी हमी मिळवण्यावर असला पाहिजे. प्रतिवादीला आपल्या कृत्याचे समर्थन करू दिले जाणार नाही आणि हे त्याला आधीच सांगितले पाहिजे. तडजोडीचा प्रयत्न पीडित स्त्रीची इच्छा असेल तरच करायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. “तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उठला” हे वाक्य त्या खोलीत ऐकून घ्यायचेच नाही, असे खुद्द नियमच सांगतो.

या विषयाचा अनुभव जिथे साचला आहे असे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे काम म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष. पोलीस यंत्रणेच्या आतच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवण्याची ती कल्पना होती. अशा कक्षात क्षेत्रकार्याची संधी मिळाली तर सोडू नये. तिथे पहिल्याच आठवड्यात कळते की स्त्रीला सर्वांत आधी हवे असते ते रात्री झोपायला सुरक्षित ठिकाण आणि घरात अडकलेली कागदपत्रे. संवादकौशल्ये त्यानंतर येतात.

जेनोग्राम म्हणजे काय आणि तो काढायलाच हवा का?

जेनोग्राम म्हणजे तीन पिढ्यांचा वंशवृक्ष, ज्यात नात्यांची प्रतही खुणांनी दाखवलेली असते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, निधन पावलेल्यावर फुली, तुटलेल्या नात्यासाठी खंडित रेघ, भांडणासाठी नागमोडी. तो कुटुंबासमोर मोठ्या कागदावर काढावा. समुपदेशकाने घरी जाऊन वहीत काढला, तर त्याची निम्मी किंमत जाते.

वर्गात आम्ही वापरतो ते एक उदाहरण पाहा. बारावीतला मुलगा अभ्यास करत नाही म्हणून आई-वडील त्याला घेऊन येतात. कागदावर रेघा वाढत जातात. वडील धाकटे, थोरले भाऊ गावी जमीन कसतात, दोघांत बोलणे नाही. कधीपासून, असे विचारल्यावर वडील सांगतात की थोरल्याने शाळा सोडून धाकट्याच्या शिक्षणाला पैसे पुरवले आणि नंतर वाटणीत तो हिशेब काढला. आईच्या बाजूला एक वर्तुळ असते, त्या मावशीचे शिक्षण लग्नासाठी थांबवले गेले. मुलगा हे सारे पहिल्यांदाच ऐकत असतो. बराच वेळ कागदाकडे पाहून तो म्हणतो, “म्हणजे मी शिकलो तर कोणाचे तरी देणे लागणार.” अभ्यासाचे वेळापत्रक आखण्यात घालवलेल्या दहा सत्रांतून हे वाक्य आले नसते.

काढायलाच हवा असे नाही. दत्तक, आंतरजातीय विवाह, आत्महत्या यांसारख्या गोष्टी तिथे अचानक उघड्या पडू शकतात, म्हणून “सांगायचे नसेल तिथे रिकामी जागा ठेवू” असे सुरुवातीलाच म्हणावे.

लहान मुलांना सत्रात बसवावे का?

कुटुंबाच्या सत्रात बसवावे, आणि कागद-खडू जवळ ठेवावेत. आई-वडिलांच्या वैवाहिक प्रश्नांच्या सत्रात बसवू नये. मुलाला निरोप्या किंवा साक्षीदार कधीही करू नये. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख झाला किंवा तसा अंदाज आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गोपनीयतेचे कारण तिथे चालत नाही. ही मर्यादा संमतिपत्रात आधीच लिहिलेली असावी.

गटाचे समुपदेशन म्हणजे एकाच वेळी अनेकांचे समुपदेशन का?

असे समजून सुरू केलेले गट फार काळ टिकत नाहीत. समुपदेशक मध्यभागी, आणि बाकीचे आपापली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले, असा तो दवाखान्याच्या बाहेरच्या बाकासारखा प्रकार होतो. गटात औषधाचे काम सभासद एकमेकांसाठी करतात. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयरोग्यांचे वर्ग सुरू केले ते आरोग्याचे नियम शिकवण्यासाठी. पण एकाच दुखण्याने गाठलेली माणसे एकत्र बसल्याने त्यांना धीर येतो, हे त्यांच्या लक्षात आले. आधुनिक गटोपचाराची सुरुवात अनेकदा तिथून मोजली जाते. “हे फक्त माझ्याच घरी घडते” हा समज गळून पडणे, हा गटातील पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा दिलासा असतो. घरोघरी मातीच्या चुली हे आपण म्हणतो खरे, पण दुसऱ्याची चूल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही.

व्यसनमुक्तीचे क्षेत्र यासाठी उत्तम शाळा आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे, आणि केवळ व्यसनी व्यक्तीला न धरता तिच्या घरच्यांनाही सोबत घेण्याचा आग्रह तिथे राहिला आहे. दारू पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटात एखादी नवी बाई “यांच्या बाटल्या मी लपवते” असे सांगते, तेव्हा समुपदेशकाने काही बोलण्याची गरज नसते. शेजारची म्हणते, “मी पिठाच्या डब्यात लपवायची. त्यांना तिसऱ्या दिवशी कळले.” सगळ्या हसतात, आणि नवी बाईही कित्येक दिवसांनी हसते. हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडून आले असते तर तो उपहास ठरला असता.

संख्या सात ते दहा, वेळ साधारण दीड तास, बैठक गोलाकार आणि मध्ये टेबल नको. शोक, घटस्फोट किंवा दीर्घ आजार यांसारख्या विषयांसाठी ठरावीक आठवड्यांचा बंद गट बरा, कारण तिथे विश्वास हळूहळू जमतो. व्यसनमुक्तीत मात्र खुला गट चालतो, तिथे जुन्यांना पाहून नव्यांना वाट दिसते. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटाच्या वाटचालीचे टप्पे मांडले : जुळणे, खटके उडणे, नियम बसणे, आणि मग खरे काम. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुरबुरी सुरू झाल्या की नवशिके घाबरतात आणि पुन्हा खेळ-गाणी घेऊ लागतात. कुरबुर हे गट जिवंत असल्याचे लक्षण आहे. ती नीट ऐकावी.

ग्रामीण भागात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. महिला बचत गट आयता जमलेला असतो, म्हणून त्याच बैठकीत समुपदेशन उरकण्याचा मोह होतो. ज्या बायका एकमेकींच्या कर्जाला जबाबदार असतात, त्यांच्यासमोर घरातली पैशांची अडचण कोण उघडी करील? गट वेगळा हवा, निदान जागा आणि दिवस तरी वेगळे हवेत.

गटात एकच जण बोलत राहिला तर काय करावे?

त्याला गप्प करू नये आणि एकट्याने तोंडही देऊ नये. तो बोलत राहतो कारण बाकीचे त्याला बोलू देतात, आणि त्यात त्यांची सोय असते. “भाऊ आपले मन मोकळे करत आहेत. ऐकताना इतरांच्या मनात काय आले?” असे विचारून चेंडू गटाकडे द्यावा. गप्प बसणाऱ्याला बोलायला भाग पाडू नये. चार बैठका मुक्याने बसलेली व्यक्ती पाचव्या बैठकीत नेमके बोलते असा अनुभव आहे.

शिक्षण कोठे घ्यावे आणि कोणती पात्रता लागते?

समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, हे दोन मुख्य रस्ते आहेत. महाराष्ट्रात १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था येथे समाजकार्याच्या शिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते, नुसत्या एम.ए. पदवीवर ते नाव लावू नये. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांनाही आपल्या यादीत घेतले आहे.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील विषयांची यादी बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष जोडप्यासमोर किंवा कुटुंबासमोर किती तास बसायला मिळणार? आणि त्या कामावर अनुभवी व्यक्तीचे पर्यवेक्षण किती तास मिळणार? उत्तर मोघम आले, तर तो अभ्यासक्रम वाचनासाठी बरा, व्यवसायासाठी नाही. शनिवार-रविवार दोन दिवसांत जोडप्यांचे समुपदेशक करणारी प्रमाणपत्रे भिंतीवर छान दिसतात.

कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकाचे काम कसे असते?

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा, आणि पुणे व मुंबई येथील न्यायालये १९८९ पासूनची. कायद्याच्या कलम ९ नुसार शक्य तिथे आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर आहे, आणि त्यात समुपदेशकाची मदत होते. समुपदेशकासमोर झालेले बोलणे गोपनीय राहते. काम मात्र दगदगीचे आहे : लोक आधीच वकिलांकडे जाऊन आलेले असतात, पोटगीचा आकडा मनात पक्का असतो आणि कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडचे नातेवाईक समोरासमोर बसलेले असतात. तिथे समेटाइतकेच महत्त्वाचे ठरते ते मुलांच्या भेटीचे वेळापत्रक : कोणत्या शनिवारी, कोणत्या फाटकापाशी, कोण सोडणार आणि कोण नेणार. ज्यांना मोठमोठ्या संकल्पनांची ओढ आहे, त्यांनी हे एक वेळापत्रक दोघांच्या सहीने पूर्ण करून दाखवावे.

पर्यवेक्षणात नेमके काय होते? चुका दाखवल्या जातात का?

दाखवल्या जातात, पण मुख्य काम वेगळे असते. तुम्ही अडकलात ती पाच मिनिटे ध्वनिमुद्रणात शोधायची, आणि त्या वेळी तुमच्या स्वतःच्या घरातले कोण त्या खोलीत येऊन बसले होते ते पाहायचे. एक विद्यार्थिनी घरातील वडीलधारे पुरुष बोलू लागले की नकळत आवाज खाली आणत असे. कौशल्याचा प्रश्न नव्हता. तिच्या घरी आजोबा बोलताना कोणी मध्ये बोलत नसे. म्हणून आम्ही प्रत्येकाला पहिला जेनोग्राम स्वतःच्या घराचा काढायला लावतो. ध्वनिमुद्रणासाठी क्लायंटची लेखी संमती लागते, आणि कोणी नकार दिला तर त्याचे कारण विचारू नये.

माझे लग्न झालेले नाही. मी जोडप्यांना काय सांगणार?

काही सांगायचे नाहीच, ऐकायचे आणि विचारायचे आहे. क्लायंटनी हा प्रश्न केल्यास “नाही, माझे लग्न झालेले नाही. मला तुमचे कळणार नाही अशी शंका येणे साहजिक आहे, कळले नाही असे वाटेल तिथे मला थांबवा” असे सरळ उत्तर द्यावे. माझ्या पाहण्यात अविवाहितांपेक्षा वीस वर्षे सुखाने संसार केलेल्यांना हे काम अधिक जड जाते. त्यांच्याजवळ उत्तर तयार असते.

नवरा परदेशात, बायको येथे. अशी सत्रे ऑनलाइन घेता येतात का?

घेता येतात, मात्र दोघांनी स्वतंत्र पडद्यांवर यावे आणि खोलीत आणखी कोण आहे हे दर वेळी विचारावे. इयरफोनचा आग्रह धरावा. हिंसेची शंका असेल तर ऑनलाइन एकत्र सत्र नको.

शेवटी दोघे वेगळे झाले, तर ते समुपदेशकाचे अपयश मानायचे का?

वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनानुसार जोडप्यांच्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, म्हणजे सुखी जोडप्यांतही ते सुटत नाहीत. ती त्यांच्यासह जगायला शिकतात. कोणाला ते जमते, कोणाला जमवायचे नसते. विद्यार्थ्यांची नोंदवही तपासताना शेवटच्या पानावर ‘समेट’ किंवा ‘विभक्त’ एवढेच लिहिलेले असेल, तर मी ती परत देतो. वेगळे होताना मुलीला कोणी, कोणत्या शब्दांत सांगितले, दोघे एकाच वेळी तिच्यासमोर बसले का, आणि तिने पहिला प्रश्न कोणता विचारला, हे त्या पानावर यायला हवे असते.